खाचेतली काळी रिंग

गाडीखालून मला ताईच्या फक्त चपला दिसत होत्या आणि त्या भांडत होत्या. तीन पावलं इकडे, तीन तिकडे, मध्येच टाच आपटून थांबणं. फोनच्या पलीकडे पार्टवाला होता.

"अकरा दिवस झालेत बसवून. अकरा. आणि आता कॉम्प्रेसर सुरूच होत नाहीये... नाही, बसवण्यात काही चुकलेलं नाही. काकांनी बसवलाय... तुम्ही मला काकांबद्दल सांगू नका हो, मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून बघतेय त्यांचं काम."

काका म्हणजे मी. त्या वेळी पाठीखाली फळी, तोंडावर गाडीच्या पोटातली धूळ आणि हातात निळा दिवा अशा थाटात पडलो होतो. एसीत गॅस भरताना आम्ही त्यात थोडा रंग सोडतो. कुठे गळती असली की तो बाहेर येतो आणि निळ्या दिव्याखाली हिरवागार चमकतो. अकरा दिवसांपूर्वी मीच सोडला होता. आता मी नव्या कॉम्प्रेसरच्या अंगावरून दिवा फिरवत होतो, आणि देवाशपथ सांगतो, तिथे चमक दिसावी असं मला वाटत होतं. भेग निघावी, सील फुटलेलं असावं, काहीही. कॉम्प्रेसर कोरडा ठणठणीत होता. हिरवं चमकत होतं ते त्याच्या मागे, जाडा पाइप येऊन मिळतो त्या सांध्यावर. तो सांधा माझ्याशिवाय कोणी हाताळला नव्हता.

"सापडलं काही?" चपला माझ्या डोक्याशी येऊन थांबल्या.

"बघतोय," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. बघतच होतो.

आमच्या गॅरेजात सहा माणसं आहेत, पण एसी माझा. बत्तीस वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी एका माणसाला ते काम शिकायला पाठवायचं ठरवलं, आणि सगळ्यांत कमी बोलणारा म्हणून माझी निवड झाली. आता ते नाहीत, त्यांची मुलगी गॅरेज चालवते. वयाने मी तिच्या वडिलांच्या जागी, तरी चारचौघांत तिला ताई म्हणतो. मालकाचा मान मालकाला द्यावा. ती मला काका म्हणते. बाकी सगळे थंडेराव म्हणतात. हे बारसं वायरमनने केलं. एक तर काम गारव्याचं, आणि दुसरं म्हणजे, त्याच्या मते, आग लागली असं कोणी ओरडत आलं तरी मी आधी हातातला पाना पुसून जागेवर ठेवीन आणि मग विचारीन, कुठे.

त्या दिवशीही मी घाई केली नाही. चपला ऑफिसकडे गेल्याची खात्री केली आणि सांधा उघडायला घेतला.

गाडी म्हणजे एक छोटी व्हॅन. इंजिन पुढच्या सीटखाली आणि कॉम्प्रेसर त्याच्याही खाली, अंग चोरून बसलेला. पाइपचं तोंड मागच्या अंगाला, लोखंडी पट्टीच्या आड. तिथे डोळा पोचत नाही. आरसा धरावा तर आरशात आरसा धरणारा हात तेवढा दिसतो. तिथे फक्त बोटं जातात. त्या तोंडाला एक गोल खाच असते, खाचेत एक रबरी रिंग बसते, आणि सगळा गॅस त्या एवढ्याशा रिंगच्या भरवशावर आत राहतो. कॉम्प्रेसर बदलला की जुनी रिंग काढायची, खाच पुसायची, बोट फिरवून खात्री करायची आणि मग नवी बसवायची. मी हे हजारो वेळा केलं असेल.

बोल्ट सोडून पाइप मागे ओढला आणि चिमट्याने रिंग काढली. हिरवी, नवी, मीच बसवलेली. एका बाजूला दबून कापली गेली होती. रिंग अशी कापली जाते ती तिच्याखाली काहीतरी राहिलं की. मी चिमटा पुन्हा खाचेत घातला, खरवडलं, आणि दुसरी रिंग निघाली. काळी, जुनी, कडक झालेली, खाचेच्या तळाला इतकी धरलेली की खाचेचाच भाग वाटावी.

म्हणजे मी जुनी रिंग न काढताच तिच्यावर नवी चढवली होती. आमच्या धंद्यात ही पहिल्या महिन्यातली चूक. पुढे आयुष्यात परत होत नाही, कारण बोटाला सवय लागते.

चुकलं कसं हे मला लगेच कळलं, आणि दुखलं ते तेच. त्या दिवशी मी खाचेतून बोट फिरवलं होतं. नेहमीसारखं, पूर्ण एक चक्कर. बोटाला काही लागलं नाही. लागलं नाही म्हणजे नाहीच, असा माझा बत्तीस वर्षांचा हिशेब होता आणि तो कधी चुकला नव्हता. व्हॅक्यूमची परीक्षाही पार पडली, कारण पंप आतली हवा ओढतो तेव्हा दोन रिंगांची जोडीसुद्धा घट्ट बसते. मग गॅसचा दाब आतून ढकलू लागला, रस्त्याचे हादरे बसले आणि ती हळूहळू सुटली. गॅस कमी झाल्यावर दाबाच्या स्विचने कॉम्प्रेसर बंद ठेवला, म्हणून तो तरी वाचला. खरं तर बोल्ट आवळताना मनगटाला संशय आला होता. नेहमीपेक्षा अर्धा आटा आधीच तो घट्ट झाला. नवा भाग आहे, बसेल, असं म्हणून मी मनगटाला गप्प केलं.

दोन्ही रिंगा खिशात टाकल्या आणि थोडा वेळ तसाच पडून राहिलो.

सुरुवात दीड वर्षापूर्वी झाली. आधी अंगठ्याशेजारचं बोट, मग मधलं, मग अंगठा. मुंग्या यायच्या, रात्री झटकत बसायचो. मग मुंग्या थांबल्या आणि मला बरं वाटलं. आमची ही मात्र मला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबली आहे, साखरही आहे, आणि तुम्ही उशीर केलात. मग म्हणाले, डोळे मिटा, मी बोटाला बारीक दोरा लावतो, लागला की सांगा. मी डोळे मिटले आणि तीन-चार वेळा "हो" म्हणालो. अंदाजानेच, पण मध्ये कमी-जास्त अंतर ठेवून, खरं वाटावं म्हणून. डोळे उघडले तर दोरा टेबलावर पडलेला आणि डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते. ही शेजारच्या खुर्चीतून माझ्याकडे बघत होती. ऑपरेशन करू, पण गेलेलं परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी बघू म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून माझा शर्ट खालची चार बटणं लावूनच खुंटीवर असायचा, डोक्यातून घालता यावा असा. त्या विषयावर आम्ही आजवर बोललेलो नाही.

गॅरेजात कोणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार होतो? वय सत्तावन्न, दुसरं काही येत नाही, आणि चार माणसांत बोलायचं म्हटलं तर घशाला कोरड पडते. मला जे येतं ते या तीन बोटांत होतं. तेव्हापासून मी बोटांचं काम डोळ्यांवर टाकलं होतं. टॉर्च, चिमटा, भिंग, सगळं जवळ ठेवायचो आणि डोळ्यांत तेल घालून काम करायचो. थंडेराव म्हातारे झाले, चष्मा बदला, असं वायरमन चिडवायचा. मीही हसायचो. माझ्या डोळ्यांचा असा गाजावाजा झाला तेवढं बरंच होतं.

बाहेर आलो तर ताई ऑफिसच्या दारात उभी राहून गिऱ्हाइकाशी बोलत होती.

गाडी पडदेवाल्या बाईंची. बाई पडदे शिवतात. घरोघर जाऊन खिडक्यांची मापं घेतात, कापड दाखवतात, शिवून नेऊन टांगतात. त्यांचे यजमान बरोबर असतात. टेपचं दुसरं टोक ते धरतात आणि आकडे ते लिहितात. एकोणीस वर्षांपूर्वी कारखान्यात बॉयलर फुटला, त्यात ते भाजले. उजव्या गालापासून खाली पाठ, छाती, दंड, सगळीकडची कातडी ताणून बसवल्यासारखी चकचकीत आहे. त्या कातडीला घाम येत नाही. आतली उष्णता बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून उन्हाळ्याचे चार महिने हा माणूस एक तर घरातल्या थंड खोलीत असतो नाहीतर या व्हॅनमध्ये. व्हॅन गार असेल तर त्याला जग आहे, नाहीतर चार भिंती. कॉम्प्रेसर बदलायला गाडी आणली तेव्हाच बाईंनी हे सगळं मला सांगितलं होतं, अगदी सरळ, कापडाचा पन्हा सांगावा तसं.

"पार्टवाला तयार झालाय," ताई सांगत होती. "हा कॉम्प्रेसर काढून कंपनीकडे पाठवायचा, ते तपासणार, मग दुसरा देणार. आठ दिवस धरा. फार तर दहा."

"आठ दिवस," बाई म्हणाल्या. त्यांनी वाद घातला नाही. नुसतं ते म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, "परवा सिग्नलला अडकलो तेव्हा हे बोलायचे थांबले. डोळे उघडे, पण बोलेनात. मी बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं. समोर दुकान होतं, तिथे नेऊन फ्रीजपुढे उभं केलं ह्यांना. दुकानदार विचारतो, काय देऊ. म्हटलं, काही देऊ नका, पाच मिनिटं दार उघडं राहू द्या."

"दुधाच्या पिशव्या मोजल्या मी," आतून यजमान म्हणाले. ताईने त्यांना ऑफिसच्या एसीखाली बसवलं होतं. "एकवीस होत्या."

बाई हसल्या नाहीत. मला बघून जरा पुढे आल्या.

"भाऊ, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. भागच तसा निघाला, त्याला तुम्ही काय करणार."

मी मान डोलावली. रिंगा खिशातच होत्या.

जेवणाच्या सुट्टीत हात स्वच्छ धुतले आणि डबा उघडून बसलो. समोर वायरमन जेवत होता आणि बोलत होता, तो दोन्ही एकदमच करतो.

"पार्टवाल्याचं काही खरं नाही. या महिन्यात हा त्याचा तिसरा परत जाणार. कंपनी आता त्यालाच धारेवर धरणार. ताईने असा फैलावर घेतलाय ना त्याला. काय राव, जेवताय की डब्याला गार करताय?"

मी दोन घास खाल्ले. माझ्या डोक्यात सरळ हिशेब चालू होता आणि त्याची मला लाजही वाटत होती. मी गप्प बसलो तर आठ दिवसांनी दुसरा कॉम्प्रेसर येणार. मी खाच चिमट्याने खरवडून साफ करणार, एकच रिंग बसवणार, गाडी गार होणार. कोणाला ताकास तूर लागणार नाही. पार्टवाला कोडगा माणूस आहे, चार शिव्या खाऊन विसरेल. आणि बाईंचे आठ दिवस? आठच तर दिवस. असं मी म्हणत होतो. मी वाईट माणूस नाही, पण त्या दुपारी मी हे सगळं म्हटलं ते म्हटलं.

डबा बंद करताना ऑफिसच्या काचेतून आत नजर गेली. बाई खुर्चीवर चढून खिडकीचं माप घेत होत्या. खाली यजमान टेपचं टोक धरून उभे होते. ऑफिसला पडदे करा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. रिकामं बसवत नव्हतं, एवढंच. बाईंनी आकडा सांगितला, यजमानांनी कानावरची पेन्सिल काढून पुठ्ठ्यावर लिहिला, मग स्वतः टेप ओढून पुन्हा बघितला आणि मान हलवली. बाई खाली वाकून बघू लागल्या. चूक त्यांचीच होती बहुतेक. त्या खुर्चीवर पुन्हा चढल्या आणि दोघांनी ते माप परत घेतलं.

मी उठलो आणि ताईला माझ्या टेबलापाशी बोलावलं.

"कॉम्प्रेसर चांगला आहे," मी म्हणालो. "पाठवू नकोस."

"काका, तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. तुम्हाला सगळ्यांचीच दया येते."

मी फडक्यावर दोन्ही रिंगा ठेवल्या. "एकाच खाचेतून निघाल्या."

ती गॅरेजात वाढलेली मुलगी, तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने काळी रिंग नखाने उलटी केली, परत सुलटी केली.

"पण ही सांध्यातली जागा तर..."

"हो. मीच केलंय."

तिने फडक्याची घडी रिंगांवर घातली, कोणी बघू नये अशी.

"असू दे," ती हळू आवाजात म्हणाली. "होतं एखाद्या वेळी. बत्तीस वर्षांत एकदा झालं, त्याचं काय एवढं. पार्टवाल्याला मी फोन करते. बाईंना काय सांगायचं ते मी बघते. तुम्ही नवी रिंग टाका, संध्याकाळपर्यंत गाडी देऊन टाकू."

तिने इतक्या मायेने दार उघडून दिलं होतं की मला फक्त बाहेर पडायचं होतं. मी "बरं" म्हणालोसुद्धा. डबीतली नवी रिंग घ्यायला हात घातला. बोटांत आली असं वाटलं, म्हणून हात वर काढला, तर बोटांत काही नव्हतं. रिंग डबीतच होती.

"मला टाकता येणार नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"ही तीन बोटं गेलीत. खाचेत काय आहे, काय नाही, मला कळत नाही. त्या दिवशीही कळलं नाही."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा रागावेल, पुतणीने रागवावं तसं. तिने गॅरेजभर नजर फिरवली, उभ्या असलेल्या गाड्यांवरून, आणि विचारलं, "दीड वर्षात किती गाड्या झाल्या, काका?"

थोरल्या मालकांनी अगदी हेच विचारलं असतं. इतकं सगळं होऊनही मला तिचा अभिमान वाटला.

"बहुतेक सगळ्या डोळ्यांनी बघून केल्यात. डोळा पोचत नाही अशा तीन होत्या. त्यांचे नंबर देतो. बोलावून तपासू."

"मला सांगायचं होतंत."

"हो."

यापुढे तिने समजूत घातली नाही, मीही मागितली नाही. तिने डोळ्यांच्या कडा मनगटाने पुसल्या आणि म्हणाली, "मग हे आता कोण करणार?"

मी वायरमनकडे बोट दाखवलं.

"मी?" वायरमन म्हणाला. "मी वायरीचा माणूस. गॅस अंगावर आला तर पळणारा."

"तुला अंधारात केसाएवढ्या तारा कळतात. चल, झोप खाली."

तो फळीवर पाठ टेकून आत सरकला. एसीच्या कामात गाडीखाली दोघांना जागा नसते. मी चाकापाशी उकिडवा बसलो. मला त्याचे पाय दिसत होते आणि आवाज ऐकू येत होता, बस.

"खाच सापडली?"

"सापडली."

"बोट फिरव. काय लागतंय?"

"काही नाही."

"काही नाही असं म्हणू नकोस." माझा आवाज मलाच चढलेला वाटला. "लागतंय ते सांग."

"अहो, पण काय सांगू?"

काय सांगू, हे मलाही माहीत नव्हतं. बत्तीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. बोट जायचं, बोट यायचं, कळायचं. त्याला शब्द लागत नव्हते, आणि म्हणूनच तर मी या कामात रमलो होतो. आता तो खाली आडवा, ऑफिसात बाई आणि यजमान, मागे ताई हाताची घडी घालून उभी, आणि मला तोंडाने बोलायचं होतं.

"नख घाल," मी म्हणालो. "बोटाचं पोट नको, नख. घड्याळाच्या काट्यासारखं फिरव. सावकाश. कुठे अडलं तर थांब."

बराच वेळ गेला.

"एका ठिकाणी अडतंय. बारीकसं."

"कुठे?"

"उजवीकडे, जरा वर."

"दाब. धातू असेल तर दबणार नाही."

"दबतंय, राव."

"रबर आहे. नखाने उचकट. खाचेला ओरखडा नको."

फळी करकरली. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग गाडीखालून एक काळा हात आला आणि त्याच्या तळव्यावर काळ्या रिंगचा एक तुकडा होता, कापलेल्या नखाएवढा. सकाळी मी ती खाच चिमट्याने खरवडली होती आणि साफ झाली असं समजलो होतो. दुपारी "बरं" म्हणून मी नवी रिंग टाकली असती तर ती याच तुकड्यावर बसली असती. चार दिवस, सहा दिवस, आणि परत कुठल्या तरी सिग्नलला तो माणूस बोलायचा थांबला असता.

ताईने तुकडा बघितला.

"आता परत फिरव," मी म्हणालो. "आता कसं लागतंय?"

"आता... बरणीच्या झाकणात आतून बोट फिरवावं ना, तसं. कुठे थांबतच नाही."

ते तसंच असतं. मी इतकी वर्षं ज्याला कधी नाव दिलं नाही त्याला त्याने सहज दिलं. मला त्याचा हेवा वाटला, खरं सांगायला काय हरकत आहे. ती गुळगुळीत चक्कर मला स्वतःला एकदा घ्यायची होती.

"तीच. लक्षात ठेव," मी म्हणालो.

पुढचं सगळं त्याने केलं आणि मी बोललो. रिंगला तेल किती लावायचं, ती बसताना बोटाला कशी आत ओढल्यासारखी लागते, बोल्ट कुठवर आवळायचा आणि मनगट थांब म्हणालं की कसं थांबायचं. आतली ओल शोषणारा ड्रायर त्याने बदलला, पंप त्याने लावला, दाब दाखवणाऱ्या गेजची नळी त्याने जोडली. अर्धा तास काटा बघत बसलो. मग गॅस. दिवसभरात मी इतका बोललो की शेवटी घसा बसला. निळा दिवा फिरवला तेव्हा सांधा अंधारात काळाच राहिला.

यजमानांना सीटवर बसवलं आणि एसी सुरू केला. एरवी मी जाळीसमोर बोटं धरून सांगायचो. या वेळी त्यांनाच विचारलं, "येतंय का गार?"

त्यांनी मान वळवली आणि डावा गाल जाळीपाशी नेला. "उजवीकडे मला काही कळत नाही," ते म्हणाले, किती वाजले हे सांगावं तसं. थोडे थांबले. "हं. आलं."

किती सोपं होतं ते. इथे कळत नाही, इथे कळतं. एवढं सांगायला मला दीड वर्ष लागलं होतं आणि एका माणसाचा जीव टांगणीला लागला होता.

बाई किल्ली घ्यायला आल्या तेव्हा मी ताईला मागे राहा अशी खूण केली.

"भाग चांगलाच होता," मी म्हणालो. "चूक माझी होती. जुनी रिंग आत राहिली. माझी बोटं काम करत नाहीत आणि मी ते लपवलं."

बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"परवा हे बोलायचे थांबले होते, भाऊ," त्या म्हणाल्या.

"हो."

"आता नीट झालंय?"

"झालंय. ह्याने केलंय." मी वायरमनकडे हात केला. "त्याला विचारा."

त्यांनी खरंच त्याला विचारलं. वायरमनने पहिल्यांदाच विनोद न करता उत्तर दिलं, की होय, झालंय, मी स्वतः बोट फिरवून बघितलंय. मग त्या गाडीत बसल्या, काचा वर केल्या आणि गेल्या. माझ्याशी आणखी काही बोलल्या नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

"उद्या नेहमीच्या वेळेला या," ताई म्हणाली. "ह्याला शिकवायचंय. ते तीन नंबरही द्या." दोन पावलं जाऊन परत आली. "आणि काका, ऑपरेशनचं काय ते बघू या आपण."

"येतो," मी म्हणालो.

साडेपाच वाजले तशी सगळी माणसं मागच्या नळावर जमली. मीही सवयीने जाऊन रांगेत उभा राहिलो. वायरमन कोपरापर्यंत काळा झाला होता, साबणाची वडी त्याच्याच हातात होती. मला बघून तो बाजूला सरकला.

"या, राव. आधी तुम्ही."

त्याने वडी माझ्या तळव्यावर ठेवली. माझे हात दुपारपासून स्वच्छ होते. मागची माणसं वाट बघत होती, वायरमन वाट बघत होता, आणि नको म्हणणं मला जमलं नाही. मी दोन्ही हातांना साबण लावला. एकेक बोट चोळलं, नखांच्या कडा घासल्या, मनगटं घासली, सगळं रोजच्यासारखं, जितका वेळ रोज लागतो तितकाच वेळ. मग हात पाण्याखाली धरले, आणि मोरीत पांढरंशुभ्र पाणी वाहून गेलं.